सासऱ्यांचा हर्निया आणि जावेचे टाके

आमच्या मर्गिलानच्या गल्लीत दुखण्याचा विषय निघाला की दोन नावं हमखास घेतली जातात, आणि दोन्ही आमच्याच घरातली आहेत. पहिलं माझ्या सासऱ्यांचं, सोतवोल्दींचं. त्यांना डास चावला तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं तब्येत विचारायला येतात. दुसरं माझ्या सासूबाईंचं, रिसोलत यांचं. सहा पोरं जन्माला घातली आणि एकदाही तोंडातून 'आई गं' काढलं नाही, अशी त्यांची ख्याती. ही ख्याती पसरवण्याचं काम त्या स्वतःच करतात, त्यामुळे त्यात कधी खंड पडत नाही.

सासऱ्यांच्या आधी त्यांच्या आईची दोन मुलं गेली होती. म्हणून हे जन्मल्याबरोबर त्यांना चाळणीभर कोंड्याच्या बदल्यात शेजारणीला विकलं आणि लगेच परत विकत घेतलं, म्हणजे मरणाला वाटावं की हे पोर ह्या घरचं नाही. सोतवोल्दी नावाचा अर्थच तो, विकत घेतलेला. सासूबाईंचं मत असं की कोंडा ठेवून घ्यायला हवा होता.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नानच्या कारखान्याची गाडी चालवली. पहाटे गरम नान भरायचे, दुकानोदुकानी पोचवायचे आणि दुपारी घरी येऊन कण्हत आडवे व्हायचे. पाठ, गुडघा, दाढ, पित्त, जे हाताशी असेल ते. वाटेत तपासनीस भेटला तर सीटखाली चार नान कसे दडवायचे ह्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. ह्या दोन कला सोडल्या तर तिसरी काही त्यांना येत नव्हती, असं म्हटलं तर चालेल. पुलाव मात्र ते उत्तम खातात.

चार वर्षांपूर्वी त्यांना हर्निया झाला आणि त्यांच्या आयुष्याचं सोनं झालं. ऑपरेशन करून घरी आणलं तेव्हा गल्ली दारात उभी होती. जमिनीवरच्या गादीवरून उठताना पोटावर ताण पडेल म्हणून मोडीत निघालेल्या वसतिगृहातून लोखंडी पलंग आणला. धरून उठायला तुळईला दोर बांधला. खोकताना पोटाशी धरायला वेगळी उशी, तिच्यावर भरतकाम. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर. सासूबाई स्वतः सूप भरवत होत्या. महिनाभर हा माणूस दोर धरून उठे आणि बसे, आणि आल्यागेल्याला गोष्ट सांगे.

"सुरी आत गेली ना, तेव्हा मला सगळं कळत होतं," ते सांगायचे.

"पण तुम्हाला भूल दिली होती ना, अका?" एखादा शेजारी विचारायचा, अका म्हणजे दादा.

"भूल शरीराला देतात. मनाला कोण देणार?"

जखम भरली, पण पलंग गेला नाही, दोर गेला नाही आणि गोष्ट तर मुळीच गेली नाही. आमच्या लग्नकार्यांत गाणारे यायच्या आधी हर्निया येतो.

आता माझ्या जावेकडे येते. मुहय्यो रिश्तोनची, कुंभाराची लेक. आवाज इतका हळू की ती घरात आहे की नाही हे बघायला लागतं. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर इल्होम, परदेशात, कझानला, इमारती बांधतो आणि फोनवर रडतो. बापावर गेलाय. मुहय्योचं बाळंतपण अडलं, पोर आत आडवं झालं, डॉक्टरांनी पोट उघडून मुलगी काढली. जर्दाळूला फुलं आली होती तेव्हा मी तिला घरी आणायला गेले.

निघताना डॉक्टर म्हणाला, "गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. दुधाला त्यानं काही होत नाही. खोकताना, शिंकताना, हसताना पोटाला उशी धरा. उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर जोर देऊन उठा. पोरीहून जड काही उचलायचं नाही. ताप आला, टाके लाल झाले, पाणी यायला लागलं तर सरळ इकडे या."

मी म्हटलं, "हे सगळं आम्हाला पाठ आहे. आमच्या घरी हर्निया झालाय."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

घरी पोचलो. उंबऱ्यावर सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून इस्पंदाची धुरी फिरवली, नात हातात घेतली, तिच्याकडे बघून डोळे पुसले, आणि मग मुहय्योच्या पिशवीत हात घातला.

"ह्या कसल्या?"

"दुखण्याच्या गोळ्या, ओयी."

"कसलं दुखणं? पोर डॉक्टरानं काढलं. तू काय केलंस? झोपलीस."

मुहय्यो भिंतीला धरून उभी होती. कमरेत वाकलेली, नव्वदीच्या म्हातारीसारखी. हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, दुधाला काही होत नाही."

"डॉक्टरला कधी दूध आलंय का?" सासूबाईंनी विचारलं. गोळ्या त्यांच्या पेटीत गेल्या, पेटीला कुलूप लागलं, किल्ली कमरेला. "सहा पोरं घातली मी. एकाही वेळी आवाज केला नाही. दुसऱ्या दिवशी अंगण झाडत होते. तुम्ही आजकालच्या पोरी काचेच्या."

मी मध्ये तोंड घातलं. "ओयी, ओताजानना तर महिनाभर गोळ्या दिल्या होत्या."

"त्यांचं पोट कापलं होतं!"

मी मुहय्योच्या पोटाकडे बघितलं. मुहय्योनं जमिनीकडे बघितलं. सासूबाई चुलीवरची अताला नावाची बाळंतिणीची लापशी ढवळायला निघून गेल्या. त्या दुष्ट आहेत असं नाही. तासातासाला तूप घातलेली ती गरम लापशी त्या स्वतः करत, मुहय्योला भरपूर वाढत, खोलीत वाऱ्याची झुळूक येऊ देत नसत. फक्त दुखतं हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते दुखणं हे पुरुषांचं काम होतं.

चिल्ल्याच्या, म्हणजे बाळंतिणीच्या चाळीस दिवसांच्या, खोलीत जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. तिथून उठणं म्हणजे काय हे ज्याच्या पोटाला टाके आहेत त्यालाच विचारावं. मुहय्यो ओठ दाताखाली धरून कुशीवर वळायची, मग गुडघ्यावर, मग भिंत. तेवढ्यात पोरगी रडून लाल. मांडीवर घेतली की टाक्यांवर वजन, वाकली की टाके ओढणार. दुखलं की तिचं अंग आखडे, अंग आखडलं की दूध येईना, दूध आलं नाही की पोरगी आणखी रडे. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "असंच चाललं तर पावडरचा डबा मागवते. पोर माझ्या खोलीत झोपेल. तू आराम कर, गोळ्या खा." त्या गेल्यावर मुहय्योनं माझा हात धरला. "सनोबर ओपा, मला पोरीला पाजायचंय. माझं दूध आटायला नको. बाकी काहीही चालेल."

मी काय करणार? गल्लीच्या कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान सासूबाईंच्या भाचीचं. तिच्या पोटात गोष्ट ठेवायची म्हणजे उघड्या हौदात बदक लपवायचं. बाजारातून गोळ्या आणल्या तर सासूबाईंनी फाटकातच माझी पिशवी उलटी केली, "गाजरं बघू कशी मिळाली" म्हणून. माझा नवरा म्हणाला, "बायकांच्या भांडणात मी पडत नाही." तो कशातच पडत नाही.

मुहय्योच्या आणि सासऱ्यांच्या खोलीत एक मातीची भिंत आहे. चिल्ल्यात सासरा काही बाळंतिणीच्या खोलीत जात नाही, दारावरच्या पडद्याच्या अलीकडेच थांबतो. पण भिंतीला कुणी चिल्ला लावत नाही. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर सासरे पलंगावर उठून बसलेले, दोर न धरता, आणि चेहरा उतरलेला.

"सनोबर, ती मुहय्यो रडते का?"

"नाही ओताजान. आवाजसुद्धा करत नाही."

"तेच म्हणतोय मी. श्वास धरते आणि सोडते. धरते आणि सोडते. मी दुखण्यात आयुष्य काढलंय, मला आवाज कळतो. गोळी देत नाहीत का तिला?"

मी सांगितलं. सगळं, किल्लीसकट.

त्यांनी चहा पिऊन संपवला. मिशा पुसल्या. मग हळूहळू आडवे झाले, पोटावर हात ठेवला आणि अशी काही आरोळी ठोकली की माझ्या हातातली किटली पडली.

"अगं आई गं! मेलो! हर्निया!"

सासूबाई धावत आल्या. "काय झालं हो?"

"परत उठलाय. आत काहीतरी सुटलंय. गोळी दे, गोळी!"

आता गंमत बघा. जी बाई ताज्या जखमेला गोळी द्यायला तयार नव्हती, तिनं चार वर्षं जुन्या जखमेसाठी धावत जाऊन पेटी उघडली. एक प्रश्न विचारला नाही. गोळी आणली, पाणी आणलं, डोक्याखाली हात घातला. सासऱ्यांनी गोळी तोंडाकडे नेली, पाणी प्याले, गळ्यातून आवाज काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सनोबर, हा नान शिळा झालाय. घेऊन जा."

नान आमच्यात टाकत नाहीत, म्हणून घेतला. बाहेर येऊन बघते तर घडीत गोळी.

मला वाटलं एकदाच असेल. पण माणसाला आयुष्यातलं खरं काम सापडलं होतं. "डॉक्टर म्हणाले होते, दुखायच्या आधी घ्यायची," ते सासूबाईंना सांगत, "नंतर घेऊन काय उपयोग? घड्याळ बघ, घड्याळ!" सकाळच्या चहाला हर्निया, दुपारच्या अजानीला हर्निया, संध्याकाळी सूर्य कलला की हर्निया, झोपताना हर्निया. सासूबाई वेळेवर गोळी आणत होत्या आणि मी शिळे नान उचलत होते. असं दुखण्याचं सोंग मी नाटकातसुद्धा बघितलं नाही. कधी कधी मलाच शंका यायची आणि मी विचारायची, "खरंच दुखतंय का हो?" मग ते एक डोळा मिटायचे.

मग पलंगाची पाळी आली. "ह्या स्प्रिंगा मला टोचतात. मला जमिनीवर झोपू दे. हा पलंग माझ्या डोळ्यांसमोर नको."

"ठेवू कुठे? अंगणात?" सासूबाई वैतागल्या.

"गंजेल. मुहय्योच्या खोलीत जागा आहे. आणि दोरपण तिथेच बांधून ठेवा, नाहीतर हरवेल."

पलंग गेला. खोली एवढीशी, पलंग आल्यावर गादी घालायला जागाच उरली नाही. मुहय्यो पलंगावर झोपायला लागली, दोर धरून उठायला लागली. भरतकामाची उशीसुद्धा चुकून पलंगाबरोबर गेली. तिकडे हर्नियाचा माणूस जमिनीवर झोपून सकाळी खरोखर कण्हायला लागला, कारण त्यांची पाठ आखडली. त्यांना पहिल्यांदा खऱ्या कारणानं कण्हताना बघून मला हसू आवरेना.

आणि पोरगी प्यायला लागली. मुहय्यो कुशीवर पडून तिला शेजारी घ्यायची, पोटावर भार न येता, आणि पोरगी इतक्या जोरात ओढायची की आवाज पडद्याबाहेर यायचा. सासरे पडद्याच्या अलीकडे उभे राहून ऐकायचे आणि खोकून निघून जायचे. सासूबाई म्हणाल्या, "बघितलंत? माझ्या अतालाची कमाल." आम्ही म्हटलं, हो ओयी.

मग आला पाळण्याचा दिवस.

मुहय्योच्या माहेरची माणसं रिश्तोनहून रंगवलेला लाकडी पाळणा घेऊन आली. बायका आतल्या खोल्यांत, पुरुष अंगणात, अंगणात पुलावाची भलीमोठी कढई. सासरे बाजेवर पांघरूण घेऊन, पोटावर हात ठेवून बसले होते आणि मधून मधून कण्हत गाजरं कशी चिरावीत ह्यावर सूचना देत होते. माझा नवरा आणि शेजारचा एक जण चुलीवरची कढई उतरवायला गेले. एका बाजूचा कान सुटला. कढई कलली. मांस, तांदूळ, तेल, सगळं मातीत जाणार एवढ्यात पांघरूण एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि सासरे मध्ये. दोन्ही हातांनी कान पकडून त्यांनी कढई उचलली आणि अलगद जमिनीवर ठेवली.

"गाढवांनो, पुलाव आहे तो!"

मग त्यांचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. उंबऱ्यावर सासूबाई उभ्या होत्या.

सासऱ्यांनी घाईघाईनं पोट धरलं. चुकीच्या बाजूनं.

सासूबाईंनी आधी सासऱ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या ताटलीत दुपारचा शिळा नान होता. त्यांनी तो उचलला, मोडला, आणि गोळी उंबऱ्यावर पडून घरंगळत चपलांत गेली. एवढ्या दिवसांचे सगळे शिळे नान त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसले. त्या वळल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग.

आत मुहय्यो पलंगाच्या कडेला बसली होती, उशी पोटाशी. भोवती पाहुण्या. तिची आईपण होती, पण मुलीकडच्या आईला त्या दिवशी तोंड नसतं. सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "केलिन, सूनबाई, ऊठ. पाहुण्या आल्यात. सलाम कर. एकेकीला. आमच्या वेळी आम्ही बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सलाम केलेत. आणि तुझ्यात तर गोळ्यांची ताकद आहे." मग मला म्हणाल्या, "तुझ्याशी नंतर बोलते. आजपासून पेटी बंद. कुणाचाही हर्निया उठो."

मुहय्यो उठली. छातीवर हात ठेवून कमरेतून वाकली, सरळ झाली, पुढच्या बाईसमोर वाकली. चौथ्या-पाचव्या बाईपर्यंत तिच्या ओठांचा रंग गेला. कुणी म्हणालं, राहू दे गं. सासूबाई म्हणाल्या, राहू कसं द्यायचं?

मग पाळण्याचा विधी. गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर मस्तुरा खोला, म्हणजे मस्तुरा मावशी, पुढे सरसावल्या. त्यांनी पोरीला पाळण्यात उलटं ठेवलं, पायांच्या जागी डोकं, आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "अशी निजवू?" बायका ओरडल्या, "नको!" "अशी?" "नको!" तिसऱ्या वेळी सरळ ठेवली, पट्ट्या बांधल्या, हातपाय आत. पोरगी भुकेली होती. तिनं गळा काढला.

"पाज," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला बाहेर काढत नाहीत. आई गुडघ्यावर बसते, पाळण्याच्या आडव्या दांड्यावर काख टेकवते आणि वरून ओणवून पाजते. मी दोन पोरांना तसंच पाजलंय, मला कधी काही वाटलं नाही. माझं पोट शाबूत होतं. मुहय्यो गुडघ्यावर बसली. ओणवायला गेली आणि अर्ध्यात थांबली. पुन्हा गेली. टाक्यांच्या जागी तिची घडी पडत होती आणि पोरीचं तोंड वीतभर खाली, उघडं, रडणारं. पोचेना. तिच्या डोळ्यांतलं पाणी दांड्यावर पडत होतं.

"पाजता येत नसेल तर सांग," सासूबाई म्हणाल्या. "डबा आणून ठेवलाय. पोर आजपासून माझ्याकडे."

मुहय्यो ओणवली. ह्या वेळी तिच्या तोंडातून आवाज आला. लहानसा, मांजरीच्या पिल्लासारखा.

तेवढ्यात पडद्यापलीकडून हाक आली. "रिसोलत."

सासऱ्यांनी आयुष्यात त्यांना नावानं हाक मारली नव्हती. नेहमी 'पोरांची आई'. सगळ्या बायका पडद्याकडे वळल्या.

"रिसोलत, प्रसूतिगृहाची खिडकी उघडी होती. सहाही वेळा. मी खाली उभा होतो."

खोलीत नुसता पोरीचा आवाज. त्या काळी नवऱ्यांना प्रसूतिगृहात घेत नसत. ते खिडकीखाली उभे राहून वर बघत, वरून बायको पोर दाखवी. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त खिडकीतून आवाजही खाली येतो हे आजवर कुणी बोललं नव्हतं. सासूबाई कानापर्यंत लाल झाल्या. मी त्यांना लाल झालेलं कधी बघितलं नव्हतं आणि मला एकदम त्यांचंच वाईट वाटलं.

मस्तुरा खोलांनी तोंड उघडलं. "माझीपण उघडी होती गं. मी तर सासऱ्याचं नाव घेऊन शिव्या दिल्या. तो बिचारा खाली सफरचंदं घेऊन उभा."

"मी डॉक्टरीणबाईला चावले होते," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"मी म्हटलं, आत जाऊ दे परत, मला नको!"

मग काय, धरणच फुटलं. चेहऱ्यानं गंभीर अशी एकेक बाई आपण कशा बोंबललो ते सांगायला लागली. मुहय्योची आई, जिला तोंड नसतं, तीसुद्धा म्हणाली की हिच्या वेळी मी कुंभाराला भट्टीत घालीन म्हटलं होतं. खोली हसून हसून आडवी. मुहय्यो पाळण्याला धरून कळवळली, "हसवू नका ना! टाके! हसवू नका!" आणि तीच सगळ्यांत जास्त हसत होती, रडत होती, दोन्ही.

एक उशी हवेतून आली आणि तिच्या मांडीत पडली. भरतकामाची.

"पोटाशी धर ती!" सासूबाई ओरडल्या. "घट्ट! टाके तुटतील, बावळट!" मग बसल्या, पाळण्याच्या पट्ट्या सोडल्या, पोरीला बाहेर काढलं. "चल, पलंगावर पड. कुशीवर वळ आधी. हात टेक. दोर धर. पाळणा कुठे पळून जात नाहीये." पोरगी शेजारी गेली आणि गप्प झाली. पावडरचा डबा संध्याकाळी मस्तुरा खोलांच्या हाती त्यांच्या पणतवंडाकडे गेला.

सासूबाईंनी पेटीची किल्ली कमरेची काढून मुहय्योच्या उशाला ठेवली. सासऱ्यांशी मात्र बोलणं बंद. चहा आदळून ठेवायच्या. नान खरोखर शिळे द्यायच्या. सासरे सगळं निमूट खात होते. त्या दिवसांत त्यांची पाठ दुखली नाही, गुडघा दुखला नाही, डाससुद्धा चावला नाही. इतका शांत माणूस मी त्या घरात बघितला नव्हता आणि खरं सांगते, मला ते आवडलं नाही.

मग एका दुपारी मुहय्यो पाजत पडली होती, मी लंगोट घड्या करत होते, सासूबाई अताला घेऊन आल्या. मुहय्यो बोलत नाही, पण बोलली की असं काहीतरी बोलते.

"ओयी, तुम्ही खरंच ओरडला होतात?"

सासूबाईंनी वाडगा ठेवला.

"ओरडले? अगं, मी ह्याच्या सात पिढ्या खणून काढल्या. म्हटलं, तुला चाळणीभर कोंड्याला विकला होता ना, आता मी फुकट देते, कुणीतरी न्या!" त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडदा जरासा हलत होता. वारा नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला नाही. "आणि हा खाली उभा. नानची गाडी मागे तशीच उघडी. मला वरून दिसायचा. दुसऱ्यांचे नवरे घरी जाऊन झोपायचे, सकाळी यायचे सफरचंदं घेऊन. हा डासाला भिणारा माणूस. मी एवढे शिव्याशाप दिले, पण सहाही वेळा जागचा हलला नाही. गाढव कुठला."

पडदा हलायचा थांबला. मग पलीकडून हळूच "आई गं" असं ऐकू आलं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. आठवडाभरानं पहिल्यांदा.

"पाठ," सासरे म्हणाले. "जमिनीवर झोपून झोपून."

"थांबा. येते चोळायला." मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मुहय्योच्या उशाची किल्ली घेतली, पेटी उघडली आणि एक गोळी आपल्या हातानं तिच्या तळहातावर ठेवली. "आधी ही घे. दुखायच्या आधी घ्यायची असते."